चेन्नईचा मार्गळी सीझन: अभंगाची वाट बघत बसू नका

चेन्नईला दर डिसेंबरात कर्नाटकी गाण्याचा जो सीझन भरतो, त्याला आधी स्टार देऊन मोकळी होते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच ट्रेनची तिकिटं बघायला पळावं. गाण्याला पाचपैकी पाच, कॅन्टीनला साडेचार, आणि नवख्या श्रोत्याची सोय ह्या खात्यात दोन, ते पण दुपारचे कार्यक्रम फुकट असतात म्हणून, नाहीतर दीडच दिला असता.

हे सगळं मी आपल्या कानाच्या लोकांसाठी लिहितेय. म्हणजे ज्यांच्या घरी भीमसेनजींचे अभंग लागायचे, ज्यांना यमन ओळखता येतो, विलंबित ख्याल पचतो, पण कर्नाटकी गाणं लागलं की पाच मिनिटांत "फार हलवतात बुवा सूर" म्हणून चॅनल बदलला जातो. असे लोक चेन्नईला गेलेच तर काय करतात हे मी सभांमध्ये, म्हणजे तिथे गाणं भरवणाऱ्या संस्थांच्या हॉलमध्ये, बसून बघितलंय. दोन तास चुळबुळ करतात, मोबाइल बघतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत गायिकेने अभंग सुरू केला की एकदम ताठ बसून टाळ्या धरतात, बाहेर आल्यावर "अभंग काय गायली!" एवढंच बोलतात. माझं म्हणणं असं आहे की भक्तीसाठी म्हणून जात असाल तर तो अभंगाचा तुकडा त्या मैफलीतला सगळ्यात पातळ भाग आहे. खरा ऐवज मधे असतो, जिथे आपण घड्याळ बघत असतो तिथे.

तर सीझन म्हणजे काय ते थोडक्यात. तमिळ मार्गळी महिना, म्हणजे आपला धुंधुरमासच, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला जोडून संगीत परिषद भरली, त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली आणि मग डिसेंबरात गाणं ही प्रथाच पडली. आता मैलापूर, आळ्वारपेट, टी. नगर ह्या भागात एवढ्या सभा असतात की एका दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं गाणं ऐकता येतं, मधे फक्त ऑटो आणि इडली. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईला संगीताचं शहर म्हणून मान दिला तो ह्याच्याच जोरावर. दुपारच्या स्लॉटला तरुण कलाकार, बऱ्याच ठिकाणी तिकीटच नाही, संध्याकाळी मोठी नावं आणि मोठी तिकिटं. माझं ऐकाल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारच्याच मैफली धराव्यात. गर्दी कमी, पुढची खुर्ची मिळते, आणि पोरं-पोरी जीव तोडून गातात कारण पुढच्या वर्षी संध्याकाळचा स्लॉट मिळायचा असतो ना.

आता मैफलीचा ढाचा जरा समजून घ्या, नाहीतर पैसे वाया. आज जी पद्धत दिसते ती बरीचशी अरियक्कुडी रामानुज अय्यंगार ह्या गायकाने बसवलेली. सुरुवातीला वर्णम, म्हणजे गळा आणि बोटं तापवायला, मग बहुतेक वेळा गणपतीची एखादी कृती, मग लहानमोठ्या कृती, मग एक मोठा राग आलापनेसकट, त्यात निरवल (ते काय ते पुढे सांगते), कल्पनास्वर म्हणजे आयत्या वेळी सुचलेली सरगम, शेवटी तनि आवर्तनम, म्हणजे नुसतं मृदंग आणि घटम (वाजवायचा मातीचा घडा) ह्यांचं वादन, आणि मग तुकडे, म्हणजे छोट्या हलक्या रचना, ज्यात पदम आणि जावळी ही शृंगारिक गाणी, तिरुप्पुगळ ही तमिळ स्तोत्रं, भजन आणि आपला अभंग. सगळ्यात शेवटी मंगलम. ख्यालात दोन ओळींची बंदिश असते आणि बाकी सगळा रागविस्तार, त्यामुळे शब्दांकडे फारसं लक्ष नाही दिलं तरी आपलं भागतं. इथे तसं चालत नाही. इथे कृती म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी, चरणम असं पूर्ण रचलेलं गाणं असतं, त्यातल्या हरकतीसुद्धा, ज्यांना संगती म्हणतात, बऱ्याचशा गुरूकडून तशाच आलेल्या असतात. आणि ऐंशी-नव्वद टक्के तरी रचना देवावर. म्हणजे शब्द सोडून ऐकलंत तर अर्धंच ऐकलंत.

पण "देवावर" म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर नुसती स्तुती येते, हे कमलनयना, हे दीनदयाळा वगैरे, आणि तेवढंच असतं तर मी पण कंटाळले असते, कारण मी काही फार देवदेव करणाऱ्यातली नाही. त्यागराज (१७६७ ते १८४७) म्हणजे तिथले सगळ्यात गाजलेले संत-रचनाकार, त्यांचं तसं नाहीये. हा माणूस रामाशी सरळ भांडतो. टोमणे मारतो, रुसतो, तूच माझं वाकडं केलंस म्हणतो. त्यांच्या पंचरत्न म्हणून नावाजलेल्या पाच कृतींपैकी गौळ रागातली जी आहे त्यात स्वतःच्या दुर्गुणांची यादीच वाचलीय, आणि आरभीतली जी आहे त्यात कृष्णाला चिमटे काढलेत, शेवटी स्वतःचं काम कसं साधून घेतलंस म्हणून. तुकोबांचं विठ्ठलाशी भांडण ज्यांच्या कानावरून गेलंय त्यांना हा सूर परका वाटायचं कारणच नाही. आणि शेवटच्या चरणात "त्यागराज" असं नाव येतंच, "तुका म्हणे" सारखं, ते ऐकू आलं की कळतं की आता गाणं वळणावर आलंय.

एक मैफल सविस्तर सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. दुपारचा स्लॉट, तरुण गायिका, नाव मुद्दाम देत नाही, हॉल निम्मा रिकामा. मुख्य रचना त्यागराजांची "निधि चाल सुखमा", राग कल्याणी, म्हणजे आपल्या यमनचा सख्खा भाऊ, ताल मिश्र चापु, सात मात्रांचा, तीन अधिक चार. रचनेचा मुद्दा साधा आहे, धनात सुख की रामाच्या सन्निध सेवा करण्यात सुख. आणि ह्या गाण्यामागे एक कथा सांगतात ती आपल्या लोकांनी ऐकायलाच हवी. तंजावरचे राजे सरफोजी, म्हणजे भोसलेच, त्यांनी त्यागराजांना दरबारात गायला बोलावलं, भेटी पाठवल्या, त्यांनी नाही म्हटलं आणि त्यावेळी हे रचलं. कथा खरी की रचलेली ते बाजूला ठेवा, पण तिथल्या प्रत्येक रसिकाला ती पाठ आहे आणि गाणं सुरू झालं की ती हॉलमध्ये हजर असते. म्हणजे ह्या गाण्यात ज्याला नकार दिलाय तो राजा आपला. मला तर तिथे बसून गंमतच वाटली.

तर तिने आलापना केली, छान केली, व्हायोलिनवाल्याने त्याची केली, मग पल्लवी, एकेक संगती चढवत, आणि चरणात आली त्या ओळीवर, "ममता बंधन युत नरस्तुति सुखमा". आता ह्यात मराठी माणसाला अडेल असं काय आहे सांगा. ममता, बंधन, नरस्तुती, सुख. तेलुगू रचना आहे पण ही ओळ आपल्याला जशीच्या तशी कळते. मायापाशात अडकलेल्या माणसांची स्तुती करण्यात सुख आहे का, असा प्रश्न. ह्या ओळीवर तिने निरवल घेतलं. निरवलमध्ये काय करतात, तर शब्द तेच, तालात त्यांची जागा साधारण तीच, आणि सूर मात्र दरवेळी नवे, तिथल्या तिथे सुचलेले. "ममता" ज्या मात्रेवर पडते तिथेच पडणार, "सुखमा" तिथेच संपणार, पण मधे वाट वेगळी. पहिल्यांदा तिने खालच्या पंचमाच्या आसपास ठेवली ओळ, जवळजवळ बोलल्यासारखी. मग "नरस्तुति" वर जरा जोर दिला, तिरकस, जसं आपण एखाद्याला म्हणतो ना, "हो का, फार मोठे लोक!" तसं. मग गांधारावर, मग वर षड्जापर्यंत, आणि तिथे "बंधन" शब्द इतका ताणला की सुटतोय की नाही असं वाटावं, आणि बरोब्बर वेळेला "सुखमा" वर खाली. मग दुप्पट लयीत. व्हायोलिन मागून तेच उचलतंय, मृदंगवाला बारीक भरतोय, आणि माझ्या बाजूला बसलेले आजोबा एका हाताने मांडीवर ताल देतायत आणि मान हलवत मोठ्याने "बेश!"

ही ओळ ती दहाबारा वेळा तरी गायली असेल आणि एकदाही तोच प्रश्न तशाच आवाजात विचारला नाही. कधी चेष्टा, कधी राग, कधी खरंच विचारतेय की बाबा सांग, आहे का सुख. हीच ती जागा. इथे राग आणि शब्द वेगळे काढताच येत नाहीत, कल्याणीचा तीव्र मध्यम तो प्रश्न टोकदार करतो. बडा ख्यालातल्या बोल-आलापाच्या जवळ जाणारं आहे, पण शब्दाला इतकं धरून राहणं आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतं. आणि हे चालू असताना माझ्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं, बोलण्यावरून आपल्याकडचं, हळूच विचारत होतं की अभंग कितीला सुरू होईल.

तर घरून निघायच्या आधी थोडी तयारी करा, कारण सभावाले तुमच्यासाठी काही करणार नाहीत. ही माझी मोठी तक्रार. स्टेजवरून राग सांगत नाहीत, रचना सांगत नाहीत, शब्दांचा कागद नाही, काही ठिकाणी छापील पुस्तिकेत यादी मिळते पण बहुतेक ठिकाणी नाही. शेजारची काकू वहीत राग लिहून ठेवत असते तिला विचारायचं, ती आनंदाने सांगते, हा तिथला खरा हेल्पडेस्क. पण संस्था म्हणून एवढी वर्षं चालू आहेत तर स्क्रीनवर दोन ओळी टाकायला काय होतंय? "ज्यांना कळतं त्यांनी यावं" हा जो भाव आहे ना तो मला अजिबात आवडला नाही.

तयारी म्हणजे फार काही नाही. ओळखीच्या रागांपासून सुरुवात करा. मोहनम म्हणजे आपला भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, कल्याणी यमन, शंकराभरणम बिलावलच्या सुरांचा. हिंदोळममध्ये त्यागराजांची "सामजवरगमना" ऐका, मालकंस इतका लडिवाळ होऊ शकतो हे आधी पटणारच नाही. पण फसू नका, तिथली तोडी ही आपली तोडी नव्हे, तिचे सूर आपल्या भैरवीचे, आणि तिथली भैरवी तिसरीच काहीतरी. त्यागराजांच्याच काळातले दुसरे मोठे रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर काशीला काही वर्षं राहिले होते, त्यांच्या "चेतः श्री बालकृष्णं" मध्ये द्विजावंती म्हणजे जयजयवंती सरळ ओळखू येते आणि शब्द संस्कृत, ते पण आपल्या कानाला सोपं दार आहे.

दीक्षितरांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. त्यांच्यात भांडण नाही, रुसवा नाही, सगळं संथ आणि भव्य, क्षेत्राचं वर्णन, देवीचं ध्यान, तंत्रातल्या खुणा, मधेच रागाचं नावही शब्दांत गुंफलेलं, "गुरुगुह" ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराची नाममुद्रा, आणि शेवटी दुप्पट वेगाच्या दोन ओळी. कमलांबा देवीच्या नवावरण कृती तर श्रीचक्राच्या नऊ आवरणांपैकी एकेकाची पूजाच आहे. सुरुवातीला मला ते कोरडं वाटायचं, आता थकवा असेल तेव्हा दीक्षितरच लागतात. पण पहिल्याच सीझनला विलंबित दीक्षितर कृतीसमोर बसाल तर झोप लागेल हे खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, एसी पण तसाच असतो. ह्या दोघांबरोबर कर्नाटकी संगीताच्या त्रिमूर्तीत धरतात ते तिसरे श्यामा शास्त्री, त्यांचा एकच तुकडा सांगते, भैरवीतली कामाक्षीवरची स्वरजती. त्यात प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वरून सुरू होतो, षड्जावरून, मग रिषभावरून, असं करत वरच्या षड्जापर्यंत. आई ऐकत नाही म्हणून पोर आवाज चढवत नेतं तसं. आठवा चरण येतो तेव्हा काय होतं ते लिहून सांगता येत नाही, ऐकाच.

ताल देता आला तर ऐकणं दुप्पट सोपं होतं. आदि ताल आठ मात्रांचा, एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि पालथा हात, परत टाळी आणि पालथा हात. झालं. अख्खा हॉल देत असतो, लाजायचं नाही. मग लक्षात येतं की गाणं समेवर सुरू न होता मुद्दाम जरा सरकून सुरू झालंय, आणि गायक स्वरांची मोठी आकडेमोड करून तीनदा म्हणून बरोब्बर त्या सरकलेल्या जागेवर येतो तेव्हा टाळ्या का पडतात. पण हेही सांगते की आजकाल ह्या आकडेमोडीचं प्रस्थ जरा जास्तच झालंय. भक्तीची रचना घ्यायची, तिचे शब्द दोनदा घाईत म्हणायचे आणि मग पंधरा मिनिटं स्वरांचा हिशोब, हे मी संध्याकाळच्या मोठ्या स्लॉटला पण ऐकलं. हॉल खूश, मी नाही.

शब्दांच्या उच्चाराचीही एक तक्रार आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्यांना एकच अक्षर, म्हणून तिथल्या गाण्याच्या पुस्तकांत अक्षराच्या डोक्यावर १, २, ३, ४ असे बारके आकडे लावतात. चांगले गुरू घासून घेतात, पण सगळ्यांचं तसं होत नाही, मग "भ" चा "ब" होतो, "द" चा "त" होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे श्वास कुठेही तोडणं. एका सभेत, नाव नको, "नरस्तु" वर थांबून मोठ्ठा श्वास आणि मग "ति सुखमा". अर्थाचा पार भुगा. त्याच सभेत मृदंगाचा माइक इतका वर होता की गायक दुसऱ्या खोलीतून गातोय असं वाटत होतं, तीनतीन वेळा लोकांनी हातवारे करून सांगितलं, साउंडवाला त्याच्या फोनमध्ये. तनि आवर्तनम सुरू झालं की निम्मे लोक उठून कॅन्टीनला जातात हा तर जुना रोग आहे आणि स्टेजवर बसलेल्या मृदंग-घटमवाल्यांकडे बघून मलाच कसंतरी होतं.

आता अभंग. मी त्याला पातळ म्हटलं म्हणून राग येऊ देऊ नका. तो तिथे का आहे ह्याचं कारण मोठं आहे आणि आपल्यालाच ते माहीत नसतं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांपासून ते १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. रामदासांचे शिष्य भीमस्वामी तिथे गेले, मठ झाले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तिकडे कीर्तनं करायचे, ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तिथल्या हरिकथेला नवं रूप दिलं, त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं गेलं. आणि तिथल्या नामसंकीर्तनाच्या पद्धतीत नामदेव-तुकोबा आधीपासून आहेतच. म्हणजे अभंग तिथे पाहुणा नाही, जुना भाडेकरू आहे. मैफलीत तो आता इतका लोकप्रिय व्हायला अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री ह्या बहिणी, ह्या गायिकांचा मोठा हात, आणि ह्या सगळ्या मुंबईत वाढलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी कानाला टोचत नाही. बाकीच्यांचं मात्र ऐकावं, "च" हमखास "चाक" मधला न येता "चिमटा" मधला येतो, पण "ळ" असा सुरेख लावतात की आपल्याकडच्या शहरी पोरांनी शिकावं.

मग अडचण काय आहे? अडचण अशी की मैफलीच्या शेवटी वेळ कमी, लोक दमलेले, म्हणून अभंग बहुतेक वेळा जल्लोषासाठी वापरतात. लय चढवत न्यायची, विठ्ठल विठ्ठलचा गजर, मृदंग जोरात, टाळ्या, खलास. मजा येते, मी पण टाळ्या धरते. पण जो निरवलचा धीर त्या गायिकेने मघाशी त्यागराजांच्या एका ओळीला दिला, तो तुकोबांच्या ओळीला मिळत नाही, आणि तुकोबांच्या ओळीत तेवढं मावत नाही असं तर कोणी म्हणणार नाही ना. मला एकदा कोणीतरी मुख्य रचनेच्या जागी अभंग घेऊन त्यातल्या एका ओळीवर अर्धा तास बसलेलं ऐकायचंय. तोपर्यंत विठ्ठल हवाच असेल तर पुरंदरदास ऐका. पंधराव्या-सोळाव्या शतकातले कन्नड संत, कर्नाटक संगीताचे पितामह मानतात त्यांना, आजही पोरांचे पहिले धडे त्यांच्याच नावाने सुरू होतात, आणि त्यांची मुद्राच मुळी "पुरंदर विठ्ठल". कापी रागातलं त्यांचं "जगदोद्धारना" ऐका, जगाचा उद्धार करणाऱ्याला यशोदा मांडीवर खेळवतेय एवढंच आहे त्यात, गजर नाही की काही नाही. आणि अभंग पोटभर हवे असतील तर सभा सोडून नामसंकीर्तनाच्या कार्यक्रमाला जा, तिथे सगळे मिळून गातात आणि "पुंडरीक वरदा" ची आरोळी उठली की एक क्षण आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

एक फुकटची गोष्ट जी बहुतेक पर्यटक चुकवतात, पहाटेची. मार्गळीत आंडाळ ह्या तमिळ संत कवयित्रीच्या तिरुप्पावैची तीस पदं, रोज एक, आणि मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड रस्त्यांवर भजन म्हणत फिरणारे लोक. तमिळ रचनाकार पापनाशम शिवन (१८९० ते १९७३) स्वतः हे भजन घेऊन निघायचे, आणि त्यांची जी तमिळ पदं रात्री सभेत माइकवर ऐकतो ती पहाटे साध्या गळ्यांतून ऐकली की वेगळीच लागतात. बेसूर असतात काही, असू देत. उठायला मात्र लागतं.

कॅन्टीनवर वेगळा लेख होईल. केळीच्या पानावर जेवण, पोंगल, रवा डोसा, पालेभाजी घातलेले वडे, फिल्टर कॉफी. लोक नुसते कॅन्टीनसाठी येतात आणि त्यात काही खोटं नाही. अर्धा स्टार का कापला तर दुपारी एकच्या पुढे रांग इतकी लांब की दोनची मैफल हमखास बुडते, त्यामुळे साडेअकरालाच जेवून घ्या. काशी हलवा संपायच्या आत.

बाकी किरकोळ. शाल न्या, गंमत नाही, बाहेर घाम आणि आत थंडी. मोठ्या सभांची संध्याकाळची तिकिटं आधीच बघून ठेवा, नावाजलेल्या गायकांची लगेच जातात. म्युझिक अकादमीत सकाळी व्याख्यान-प्रात्यक्षिकं असतात, बरीचशी इंग्रजीत, त्यात एकेका रचनाकाराबद्दल तासाभरात जे कळतं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळणार नाही, नवख्या माणसासाठी हाच काय तो आधार आणि वर मी जे दोन स्टार दिले त्यातला एक ह्याचाच. दिवसाला दोन मैफलींच्या वर जाऊ नका, कान बधिर होतो आणि सगळे राग एक वाटायला लागतात. सुट्टी शिल्लक असेल तर पुष्य बहुल पंचमीला, म्हणजे आपल्या पौष वद्य पंचमीला, साधारण जानेवारीत, तंजावरपासून तेरा-एक किलोमीटरवर तिरुवैयारूला त्यागराज आराधना, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव असतो, कावेरीकाठी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पाचही पंचरत्न म्हणतात. तिथली त्यागराजांची समाधी बांधली बेंगळुरू नागरत्नम्मांनी, देवदासी परंपरेतल्या बाई, स्वतःचा पैसा घालून, आणि त्यांच्याच काळात तिथे बायकांना गायला मनाई होती, त्यासाठी पण त्याच भांडल्या. तिथे जाल तर त्यांचीही समाधी समोरच आहे, ती बघितल्याशिवाय येऊ नका.

आणि मंगलम सुरू झालं की लोक लगेच उठून चपला शोधायला लागतात, तुम्ही बसून राहिलात तरी चालतं, पण मग गेटवर ऑटो मिळणार नाही, दोन चौक चालत पुढे गेलात तर मीटरच्या आसपास तरी भाव सांगतात.